हॉल्स्टेड यांची पायऱ्यांची उमेदवारी

पाठीच्या कण्यावरील शस्त्रक्रियेसाठी रुग्ण टेबलावर झोपतो तेव्हा तो डॉक्टरच्या पदवीवर विश्वास टाकीत असतो. पदवी भिंतीवर टांगलेली दिसते. पण त्या हाताला कोणी, किती काळ आणि कोणत्या क्रमाने वळण लावले, हे दिसत नाही. मज्जारज्जूपासून केसभर अंतरावर हत्यार चालविणाऱ्याच्या बाबतीत मात्र रुग्णाचे पुढचे चालणे-फिरणे या न दिसणाऱ्या गोष्टीवरच अवलंबून असते. म्हणून डॉ. विल्यम स्टुअर्ट हॉल्स्टेड यांचे चरित्र आजही अभ्यासण्याजोगे आहे.

२३ सप्टेंबर १८५२ रोजी न्यूयॉर्कच्या एका सधन व्यापारी घराण्यात त्यांचा जन्म झाला. १८७७ साली ते डॉक्टर झाले. त्या काळी अमेरिकेत शस्त्रवैद्य होणे हा बराचसा योगायोगाचा भाग होता. कोणा नामांकित डॉक्टरच्या हाताखाली जे पाहावयास मिळेल तेच शिक्षण. १८७८ ते १८८० या काळात हॉल्स्टेड युरोपात हिंडले. व्हिएन्नाचे बिलरोथ यांच्यासारख्या प्राध्यापकांच्या विभागांत साहाय्यक वर्षानुवर्षे राबतात आणि त्यांतूनच पुढचे प्राध्यापक घडतात, हे त्यांनी तेथे पाहिले.

परतल्यावर यश आणि आपत्ती लागोपाठ आल्या. १८८४ मध्ये कोकेनचा बधिरीकरणासाठी उपयोग होतो असे कळताच त्यांनी स्वतःवर व सहकाऱ्यांवर प्रयोग केले. मज्जातंतू बधिर करण्याची रीत हाती आली, पण प्रयोगकर्ताच व्यसनात सापडला. १८८६ अखेर मित्र वेल्च यांनी त्यांना बाल्टिमोरच्या प्रयोगशाळेत आश्रय दिला. कोकेनची जागा पुढे मॉर्फिनने घेतली. ती गोष्ट त्यांचे सहकारी ऑस्लर यांच्या मोहोरबंद टिपणातून १९६९ मध्ये उघड झाली.

जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय १८८९ साली उघडले आणि तेथे हॉल्स्टेड यांनी आपली खरी संस्था उभारली. नवशिक्याने आधी पाहावे, मग मदत करावी, मग वडिलधाऱ्याच्या नजरेखाली स्वतः करावे आणि अखेरीस मुख्य निवासी डॉक्टर म्हणून संपूर्ण विभागाची जबाबदारी पेलावी, असा तो क्रम होता. किती वर्षे झाली यापेक्षा किती भार पेलता येतो, हे माप होते. सुमारे तेहेतीस वर्षांत अवघे सतरा मुख्य निवासी त्यांच्या हाताखालून बाहेर पडले; पण त्यांतील बहुतेकांनी ठिकठिकाणी हीच पद्धत रुजविली. मेंदूच्या शस्त्रक्रियेचे आद्य प्रवर्तक हार्वे कुशिंग त्यांच्याच हाताखाली तयार झाले. वॉल्टर डँडी हेही त्याच परंपरेतले. मणक्यांमधील चकतीचा सुटलेला तुकडा मज्जारज्जूवरील गाठीसारखी लक्षणे निर्माण करतो, हे डँडी यांनी १९२९ मध्ये दाखविले.

अर्थशास्त्राच्या अध्यापकाला या कथेत आणखी एक धागा दिसतो. शिकाऊ हाताने केलेल्या शस्त्रक्रियेला वेळ अधिक लागतो. ज्या गुरूचे उत्पन्न रुग्णांच्या शुल्कावर चालते त्याला तो वेळ तोट्याचा ठरतो. शिकविण्याचा लाभ मात्र समाजाला पुढे मिळतो. अशा सेवेचा खर्च बाजार आपण होऊन उचलीत नाही. १९१३ साली रॉकफेलर यांच्या पैशातून हॉपकिन्सला पंधरा लाख डॉलर मिळाले. त्यांतून प्राध्यापकांना खाजगी व्यवसाय सोडून पूर्ण वेळ पगारी काम करण्याची सोय झाली आणि हॉल्स्टेड यांनी ती स्वीकारली.

या पद्धतीचे दोषही लपविण्याचे कारण नाही. तो एक मनोरा होता. पायथ्याशी अनेक, शिखरावर एक. मध्येच गळालेल्यांच्या श्रमाचा हिशेब कोणी ठेवला नाही. अमर्याद राबणे हीच निष्ठा, हा समजही तेथूनच बळावला. अमेरिकेत निवासी डॉक्टरांच्या कामाला देशभर आठवड्याला ऐंशी तासांची मर्यादा पडली ती २००३ मध्ये.

७ सप्टेंबर १९२२ रोजी हॉल्स्टेड यांचे निधन झाले. आपल्याकडे कण्याचा शल्यविशारद आजही दोन वाटांनी येतो, अस्थिव्यंगोपचाराच्या आणि मेंदू व मज्जासंस्थेच्या शस्त्रक्रियेच्या. दोन्हीकडे कणा हा अभ्यासक्रमाचा एक भाग असतो. विशेष शिक्षण त्यानंतरचे. त्या शिक्षणाच्या जागा वाढवाव्यात, ही मागणी रास्तच आहे. परंतु प्रत्येक उमेदवाराने कोणती पायरी कोणाच्या देखरेखीखाली ओलांडली याची नोंद, आणि शिकविणाऱ्याच्या वेळेचे रास्त मोल, या दोन गोष्टींची तरतूद नसेल तर जागा वाढतील, हात तयार होणार नाहीत. अर्धवट उमेदवारीचा खर्च अंदाजपत्रकात कोठेच दिसत नाही. तो रुग्ण आपल्या पायांनी चुकता करतो.