चायना ग्रास आणि फॅनीबाई

भगिनींनो, पुडिंगसाठी चायना ग्रास भिजत घातले की मला हटकून एका बाईंची आठवण होते. त्यांचे नाव फॅनी अँजेलिना हेसे. मंडळाला त्यांची ओळख करून द्यावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

फॅनीबाईंचा जन्म १८५० साली न्यूयॉर्क येथे एका सधन व्यापाऱ्याच्या घरी झाला. १८७४ साली वाल्टर हेसे या जर्मन डॉक्टरांशी त्यांचा विवाह झाला व त्या सॅक्सनीत संसार करू लागल्या. तीन मुलगे, घरकाम, आणि त्यातून वेळ काढून पतीच्या संशोधनात मदत. सूक्ष्म जंतूंची सुरेख चित्रे त्या काढून देत.

वाल्टर हवेतील जंतू मोजण्याचे काम करीत. जंतू वाढवावयाचे ते जिलेटिनच्या थरावर. पण उन्हाळा आला की जिलेटिन वितळे, आणि काही जंतू तर ते खाऊनच टाकीत. वेगवेगळे वाढलेले जंतू मग एकमेकांत मिसळून जात. श्रम सारे फुकट!

१८८१ साली वाल्टरनी पत्नीला विचारले, तुमच्या जेली उन्हाळ्यातही कशा टिकतात? फॅनीबाईंनी सांगितले, त्यात अगर असते. जावा बेटावर राहून आलेल्या एका शेजाऱ्यांकडून न्यूयॉर्कमध्ये असताना त्या हे शिकल्या होत्या. अगर म्हणजे समुद्रशैवालापासून काढलेला पदार्थ, आपले चायना ग्रासच. एकदा थिजले की शरीराइतक्या उष्णतेत, म्हणजे ३७ अंशांवरही ते वितळत नाही, आणि बहुतेक जंतूंना ते पचत नाही.

वाल्टरनी ही गोष्ट रॉबर्ट कॉख यांना कळविली. १८८२ सालच्या क्षयजंतूंवरील लेखात कॉखनी अगरचा उल्लेख केला. परंतु ते सुचविले कोणी, याविषयी एक अक्षरही लिहिले नाही.

पुढे अगरमध्ये निरनिराळी द्रव्ये घालून हवा तोच जंतू निवडून वाढविण्याची युक्ती निघाली. दही लावणाऱ्या जंतूंचे भाईबंद आपल्या आतड्यातही असतात. ते शोधण्यासाठी अमेरिकेत रोगोसा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ साली एक आंबट मिश्रण सिद्ध केले. त्या आंबटपणात इतर बहुतेक जंतूंची वाढ खुंटते, हे मात्र मजेत वाढतात. त्या मिश्रणालाही घट्टपणा आणते ते अगरच.

वाल्टर १९११ साली वारले. फॅनीबाई १९३४ साली ड्रेस्डेन येथे निवर्तल्या. त्यांच्या हयातीत ना पैसा मिळाला, ना नाव. अगरची ही हकीकत नीट छापून आली ती १९३९ साली, त्या गेल्यानंतर पाच वर्षांनी.

म्हणून माझी एक विनंती आहे. आपल्या स्मरणिकेत पाककृती छापाल, तेव्हा जिने ती सांगितली तिचे नाव खाली अवश्य घाला. स्वयंपाकघरातले शहाणपण कोठवर जाऊन पोहोचेल, हे कोणी सांगावे?