स्टीफन हिस्लॉप

स्टीफन हिस्लॉप (८ सप्टेंबर १८१७ – ४ सप्टेंबर १८६३) हे स्कॉटिश ख्रिस्ती धर्मोपदेशक, शिक्षक व भूवैज्ञानिक होते. नागपूर परिसरातील गाळाचे खडक आणि त्यांतील जीवाश्म यांचा पद्धतशीर अभ्यास करणाऱ्या आरंभीच्या संशोधकांत त्यांची गणना होते. नागपूरचे हिस्लॉप महाविद्यालय त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

जीवन

हिस्लॉप यांचा जन्म स्कॉटलंडमधील डन्स या गावी झाला. एडिंबरो व ग्लासगो येथे त्यांचे उच्च शिक्षण झाले. फ्री चर्चचे मिशनरी म्हणून ते १८४४ च्या अखेरीस मुंबईस आले आणि १८४५ मध्ये नागपुरास पोहोचले. त्या वेळी नागपुरात भोसल्यांचे राज्य होते. हिस्लॉप यांनी मराठी भाषा आत्मसात केली व शाळा चालवली. पुढे रॉबर्ट हंटर हे सहकारी त्यांना येऊन मिळाले. भूविज्ञान हा या दोघांचा व्यवसाय नव्हता. धर्मप्रसारासाठी गावोगाव फिरताना मिळणाऱ्या वेळात त्यांनी हे संशोधन केले.

संशोधनाची पार्श्वभूमी

महाराष्ट्राचा बहुतेक भाग ज्वालामुखीच्या लाव्ह्यापासून बनलेल्या बेसाल्टाने, म्हणजेच दक्षिण ट्रॅपने, व्यापला आहे. पुणे जिल्ह्यातील बारामती, इंदापूर यांसारख्या तालुक्यांत बेसाल्ट आणि त्यावर नीरा व भीमा या नद्यांनी आणून टाकलेला गाळ आढळतो. बेसाल्टाखाली दडलेले प्राचीन गाळाचे खडक तेथे पाहावयास मिळत नाहीत. नागपूर मात्र दक्षिण ट्रॅपच्या पूर्व कडेवर वसले आहे. बेसाल्टाचे आवरण येथे पातळ होत संपते व त्याखालचे जुने वालुकाश्म उघडे पडतात. त्यामुळे वेगवेगळ्या काळांतील थर एका दिवसाच्या प्रवासात पाहणे हिस्लॉप यांना शक्य झाले.

संशोधन

१८५१ मध्ये नागपूरजवळील टाकळी येथे हिस्लॉप व हंटर यांना गोड्या पाण्यातील शंखांचे जीवाश्म सापडले. सीताबर्डीच्या टेकडीतही बेसाल्टाच्या दोन थरांमध्ये गाळाचा पातळ थर त्यांना दिसला. अशा थरांना पुढे अंतरा-ट्रॅपी थर हे नाव रूढ झाले. त्यांत शंखांबरोबरच कीटकांचे व वनस्पतींचे अवशेषही मिळाले. कामठी व सिलेवाडा येथील वालुकाश्मांतून त्यांनी ग्लॉसोप्टेरिस व इतर वनस्पतींचे ठसे जमवले. मांगली येथे मिळालेल्या एका प्राचीन उभयचराच्या कवटीचे वर्णन रिचर्ड ओएन यांनी ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स या नावाने केले.

या दोघांचा नागपूर परिसराच्या भूविज्ञानावरील विस्तृत निबंध लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात १८५५ मध्ये प्रसिद्ध झाला. उमरेठचे कोळशाचे थर, नागपूरचे वनस्पतियुक्त थर व बंगालमधील बर्दवानचे थर यांच्या परस्परसंबंधावरही हिस्लॉप यांनी त्याच वर्षी लेखन केले. शेकडो मैल दूर असलेले थर त्यांतील जीवाश्मांच्या साम्यावरून जुळवण्याचा हा प्रयत्न होता. त्यांनी जमवलेल्या वनस्पतींवर चार्ल्स बनबरी यांनी, तर कीटकांवर अँड्र्यू मरे यांनी निबंध लिहिले.

निष्कर्षांचे मूल्यमापन

हिस्लॉप यांचे सर्व निष्कर्ष टिकले नाहीत. अंतरा-ट्रॅपी थरांखालचा बेसाल्ट हा त्या थरांनंतर खालून घुसलेला आहे, असे त्यांचे मत होते. लाव्ह्याच्या दोन उद्रेकांमधील शांततेच्या काळात तळ्यांत गाळ साचला व त्यावर पुन्हा लाव्हा पसरला, हे मत विल्यम ब्लॅनफर्ड यांच्या अभ्यासानंतर मान्य झाले. ग्लॉसोप्टेरिसयुक्त थर हिस्लॉप यांनी प्रथम जुरासिक काळातील मानले होते. ते त्याहून पुष्कळ जुने, पर्मियन काळातील असल्याचे आता मानले जाते. अंतरा-ट्रॅपी थर त्यांनी इओसीन काळातील ठरवले होते. आज त्यांचे वय क्रिटेशस कालखंडाच्या अखेरीचे व त्यानंतरच्या पॅलिओसीनच्या आरंभीचे, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षे, समजले जाते. मात्र कोणता जीवाश्म कोणत्या गावी व कोणत्या थरात मिळाला, याची नोंद त्यांनी ठेवली होती. त्यामुळे निष्कर्ष बदलले तरी त्यांचा संग्रह पुढील अभ्यासकांना उपयोगी पडत राहिला.

मृत्यू आणि स्मृती

४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळांची पाहणी करून घोड्यावरून एकटेच परतताना, पूर आलेला ओढा ओलांडत असता हिस्लॉप यांचा बुडून मृत्यू झाला. वयाची ४६ वर्षे पूर्ण होण्यास अवघे चार दिवस उरले होते. गोंड व इतर आदिवासी समाजांविषयीचे त्यांचे अप्रकाशित टिपण रिचर्ड टेंपल यांनी संपादित करून १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. हिस्लॉपाइट हा कॅल्साइटाचा हिरवा प्रकार व हिस्लोपिया ही गोड्या पाण्यातील सूक्ष्म प्राण्यांची प्रजाती यांना त्यांचे नाव देण्यात आले आहे. हिस्लॉप महाविद्यालयाची स्थापना १८८३ मध्ये झाली.