कुलूप उघडणारे राजवाडे

युजरची सेटिंग्ज आणि पासवर्ड त्याच्याच कॉम्प्युटरवर कसे जपायचे, हा प्रश्न प्रोजेक्ट करताना आपल्याला हमखास पडतो. महानुभाव पंथाला तो सहा-सातशे वर्षांपूर्वीच पडला होता! आपल्या नांदेड जिल्ह्यातलं माहूर हे या पंथाचं पवित्र स्थान. आपले ग्रंथ परक्यांच्या हाती पडले तरी वाचता येऊ नयेत म्हणून त्यांनी ते सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिले. हे कुलूप उघडण्यात ज्यांचं नाव पहिलं घेतलं जातं, ते इतिहासाचार्य वि. का. राजवाडे.

१८६३ साली कोकणात जन्म, शिक्षण पुण्यात. पत्नी तरुणपणीच वारली, पुन्हा लग्न केलं नाही. इंग्रजी उत्तम येत होतं, पण लिहायचं ते मराठीतच हा हट्ट. (आमच्यासारख्या कॉन्व्हेंटवाल्यांनी नोंद घ्यावी!) वाईला पानिपतच्या काळातली पत्रं सापडली आणि १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड निघाला. असे एकूण २२ खंड! त्यासाठी गावोगाव पायपीट केली, घरोघरची जुनी दप्तरं उपसली. आपल्या मराठवाड्यात, बीडला, ज्ञानेश्वरीची जुनी पोथी मिळाली. ती १९०९ साली छापली. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं.

त्याच सुमारास त्यांनी सकळ लिपी उकलली. या लिपीत एका अक्षराच्या जागी दुसरं अक्षर येतं, बस्स. पण अक्षरं बदलली तरी भाषेच्या सवयी बदलत नाहीत. तेच शब्द, तेच प्रत्यय पुन्हा पुन्हा येतात आणि चिकाटीच्या माणसाला वाट दाखवतात. त्यामुळेच लीळाचरित्रासारखं १३व्या शतकातलं मराठी गद्य पंथाबाहेरच्या वाचकांना खुलं झालं.

यातून आपण काय घ्यायचं? नुसती अक्षरं फिरवून ठेवलेला पासवर्ड सुरक्षित नसतो. खरं एन्क्रिप्शनच हवं. महानुभावांची किल्ली पोथीत नसायची, गुरूकडून शिष्याकडे जायची. आपण मात्र किल्ली प्रोग्रॅमच्या कोडमध्येच लिहून मोकळे होतो! विंडोजमध्ये युजरच्या लॉगिनशी बांधलेलं एन्क्रिप्शन तयार मिळतं, ते वापरावं. आणि किल्ली हरवली तर मालकालाही डेटा मिळत नाही, हेही विसरू नये.

३१ डिसेंबर १९२६ रोजी राजवाडे धुळ्याला वारले. मागे घरदार, इस्टेट नव्हती, होते ते जमवलेले कागद. ते जपण्यासाठी धुळ्यात त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभं राहिलं. डेटा जपणाऱ्या माणसाचाही डेटा कुणीतरी जपला, ही केवढी समाधानाची गोष्ट!