निजामाची कोंडी आणि कासिदांची जोडी

छत्रपती शाहू महाराजांनी १७ एप्रिल १७२० रोजी पेशवेपदाची वस्त्रे दिली, तेव्हा बाजीराव बल्लाळ अवघे १९ वर्षांचे होते. वेगवान घोडदळाचा सेनानी म्हणून इतिहास त्यांना ओळखतो. त्या वेगाला दिशा देणाऱ्या बातमीच्या व्यवस्थेचे स्मरण मात्र क्वचितच होते.

त्या काळी पत्र पोहोचवणारा कासीद पायी धावत असे आणि वाट पुष्कळदा शत्रूच्या मुलखातून जाई. त्यामुळे कागदावर मोजका मजकूर लिहिला जाई; उरलेला तपशील पत्र नेणाऱ्याच्या मुखे सांगितला जाई. कासीद बहुधा जोडीने धाडले जात. एक सापडला तरी दुसऱ्याने मुक्काम गाठावा, हा त्यामागचा हेतू. दिल्लीतील हिंगणे वकिलांकडून आणि ठिकठिकाणच्या जासुदांकडून येणाऱ्या अशा त्रोटक बातम्या जुळवल्या की शत्रूचे चित्र उभे राहत असे.

खोट्या बातमीचे मोल दिल्लीने मार्च १७३७ मध्ये मोजले. सादतखानाने मराठ्यांना चंबळेपार पिटाळल्याचे बादशहाला कळवले. प्रत्यक्षात बाजीराव आडवाटेने दिल्लीच्या वेशीवर येऊन ठाकले. हादरलेल्या बादशहाने दक्षिणेतून निजामुल्मुल्काला पाचारण केले.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात निजामाने अवजड तोफखान्यासह भोपाळच्या किल्ल्याचा आणि तलावाचा आश्रय घेतला. जागा भक्कम होती, पण बाजीरावांनी तिच्यावर चाल केली नाही. मराठा स्वारांनी भोवतालच्या वाटा रोखल्या. छावणीत ना धान्य पोहोचेना, ना कुमक. दक्षिणेतून निजामपुत्र नासिरजंगाने मदतीस येऊ नये, यासाठी चिमाजी आप्पांना तापीकाठी नाकेबंदी करण्यास कळवण्यात आले होते. मोठे अंतर असूनही दोघे बंधू एका बेताने चालले, ते या पत्रांच्या बळावर. उपासमारीने गांजलेल्या निजामाने जानेवारी १७३८ मध्ये दोराहासराई येथे तह केला. माळवा, नर्मदा ते चंबळ दरम्यानच्या मुलखावरील अधिकार आणि ५० लाख रुपये खर्च त्याने मान्य केला.

हाच धडा गोमंतकातही गिरवला गेला. जानेवारी १७३९ मध्ये बाजीरावांचे मेहुणे व्यंकटराव घोरपडे साष्टीत शिरले आणि मडगाव त्यांच्या हाती आले. घरीच संकट उभे राहिल्याने पोर्तुगिजांना गोव्याहून वसईला पुरेशी कुमक धाडता आली नाही. मे महिन्यात चिमाजी आप्पांनी वसई जिंकली.

२८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडी येथे बाजीरावांचे निधन झाले. त्यांच्या विजयांत तलवारीइतकाच वाटा त्या अनाम कासिदांचाही होता.