शेठ वालचंद हिराचंद आणि स्वदेशी मोटारगाडी

सकाळीं शिरोड्याकडून येणारी एस. टी. आमच्या शाळेच्या वळणावर थांबते, मुलेंमुली उतरतात, आणि गाडी पुढें निघतांना काळ्या धुराचा एक लोट मागें ठेवून जाते. गेल्या पावसाळ्यांत त्या धुराकडे पाहत नववीच्या एका विद्यार्थ्यानें आम्हांस विचारलें कीं, धूर न सोडणाऱ्या ज्या विजेच्या बसगाड्या पुण्या-मुंबईकडे धावूं लागल्या आहेत त्या आपल्याच देशांत बनतात कीं बाहेरून येतात? प्रश्न साधा होता. उत्तर मात्र साधें नव्हतें. कांहींतरी बोलून आम्ही वर्गाकडे वळलों, पण प्रश्न मनांतून गेला नाहीं. असाच प्रश्न सुमारें पंचाऐंशी वर्षांपूर्वीं ज्यांनीं सरकारच्या दारीं नेला आणि ज्यांस तेथून रिकाम्या हातीं परतावें लागलें, त्या शेठ वालचंद हिराचंद यांचें चरित्र यंदाच्या अंकांत द्यावें, असें तेव्हांच आमच्या मनानें घेतलें.

वालचंदशेठ यांचा जन्म 23 नोव्हेंबर 1882 रोजीं सोलापूर येथें झाला. घराणें दिगंबर जैन, मूळचें काठेवाडांतील; पण सोलापुरांत येऊन मराठी मुलखाशीं एकरूप झालेलें. घरीं कापसाचा व्यापार आणि सावकारी होती. मुंबईचें सेंट झेवियर्स व पुण्याचें डेक्कन हीं दोन्ही कॉलेजें त्यांनीं पाहिलीं आणि पदवी न घेतांच शिक्षण सोडलें. (आमच्या विद्यार्थ्यांनीं चरित्राचा एवढाच भाग तेवढा उचलूं नये!) वडिलोपार्जित व्यापारांत त्यांचें मन रमेना. पुढें लक्ष्मणराव फाटक नांवाचे एक गृहस्थ त्यांस भेटले. हे पूर्वीं रेल्वेंत कारकून होते. त्यांस कामाची माहिती होती, भांडवल नव्हतें. वालचंदशेठांकडे भांडवल उभें करण्याची शक्ति होती, माहिती नव्हती. दोघांनीं भागी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या कामाचा मक्ता घेतला. तेथून त्यांचा जो उत्कर्ष सुरू झाला तो बोरघाटांतील बोगद्यांच्या कामापर्यंत जाऊन पोहोंचला. त्यांची पहिली संपत्ति अशा सरकारी व रेल्वेच्या मक्त्यांतूनच आली, ही गोष्ट आम्ही झांकून ठेवीत नाहीं. ते साधुपुरुष नव्हते, व्यापारी होते; नफा त्यांस हवा होता. मात्र नफ्याचा पैसा घेऊन स्वस्थ बसणें त्यांच्या स्वभावांत नव्हतें.

पहिलें महायुद्ध संपलें तेव्हां ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांची 'लॉयल्टी' नांवाची आगबोट विक्रीस निघाली होती. युद्धकाळांत तिचा उपयोग रुग्णनौका म्हणून झाला होता. ती वालचंदशेठ व त्यांचे सहकारी नरोत्तम मोरारजी प्रभृतींनीं विकत घेतली आणि 1919 सालीं सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन केली. 5 एप्रिल 1919 रोजीं ही आगबोट मुंबईहून इंग्लंडकडे निघाली. तो दिवस आज देशभर राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. बलाढ्य इंग्रज कंपन्यांनीं नूर कमी करून तिला बुडविण्याचे यत्न केले. 1923 सालीं करार करून सिंदियास मर्यादित वाटा घ्यावा लागला, पण कंपनी टिकली. कोंकण किनाऱ्यावर आगबोटी चालविणारी बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीही पुढें सिंदियाच्याच छत्राखालीं आली. वेंगुर्ल्याच्या बंदरांत पडावांतून उतरून ज्यांनीं ह्या आगबोटी गांठल्या, अशीं वृद्ध माणसें आमच्या पालकवर्गाच्या घरीं अजून असतील. ह्या शेठजींचें नांव त्यांस ठाऊक नसेल. त्यांच्या कंपनीच्या डेकवरचा वारा मात्र त्यांनीं खाल्लेला आहे.

आतां मोटारगाडीकडे वळूं. हिंदुस्थानांत मोटारी त्या काळीं 'तयार' होत नव्हत्या असें नाहीं. फोर्ड व जनरल मोटर्स ह्या दोन अमेरिकन कंपन्यांचे कारखाने येथें होते. परंतु तेथें काय होई? परदेशांतून पेट्यांत भरून आलेले सुटे भाग येथें उघडावयाचे, एकमेकांस जोडावयाचे आणि गाडी रस्त्यावर आणावयाची. ह्यास जुळणी म्हणतात, निर्मिति नव्हे. भिंतीवरचें घड्याळ उघडून पुन्हां बसविणारा मनुष्य घड्याळजी होईल. पण चाकें व स्प्रिंग जो घडवितो तोच घड्याळाचा कर्ता. ही रेषा वालचंदशेठांच्या मनांत स्पष्ट होती आणि तिच्यासाठींच ते भांडले. मोटारीच्या कारखान्याची योजना विश्वेश्वरय्या ह्यांनीं ह्या अगोदरच तयार केलेली होती. मुंबईच्या बाळासाहेब खेर ह्यांच्या मंत्रिमंडळानेंही तिला अनुकूलता दाखविली. पण 1939 च्या अखेरीस तें मंत्रिमंडळ अधिकारावरून दूर झालें.

त्याच सुमारास वालचंदशेठ अमेरिकेस गेले. फोर्ड कंपनीशीं बोलणें फिसकटलें. क्रायस्लर कंपनी मात्र तयार झाली आणि 1940 सालीं करार झाला. आतां हवा होता तो फक्त हिंदुस्थान सरकारचा पाठिंबा. त्यांचें मागणें थोडक्यांत असें होतें : नव्या कारखान्याचा माल पहिलीं कांहीं वर्षें परदेशी मालापेक्षां महाग पडणार, तेव्हां जकातीनें त्यास आसरा द्यावा, यंत्रें आणण्यासाठीं परकीय चलन द्यावें आणि सरकारनें स्वतः गिऱ्हाईक व्हावें. सरकारनें हें युद्धोपयोगी काम नव्हे असें ठरवून नकार दिला. लष्करास तर त्याच वेळीं हजारों मालमोटारी लागत होत्या, आणि त्या अमेरिका व कॅनडांतून सुट्या भागांच्या रूपानें येऊन येथें जुळविल्या जात होत्या! शिरोड्याच्या मिठागरांवर 1930 सालीं जो सत्याग्रह झाला त्याची हकीकत आमचे विद्यार्थी घरीं ऐकतात. मिठाचा प्रश्न गरिबाच्या ताटांतला होता म्हणून तो सर्वांस कळला; मोटारीचा प्रश्नही त्याच जातीचा होता, पण त्यासाठीं कोणी रस्त्यावर आलें नाहीं.

अमेरिकेच्या ह्याच प्रवासांत त्यांस पॉली नांवाचे विमानांचे व्यापारी भेटले, आणि त्या ओळखीतून 1940 च्या डिसेंबरांत म्हैसूर सरकारच्या भागीनें बंगलोरास हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी निघाली. दोन वर्षांच्या आंत ती सरकारनें आपल्या ताब्यांत घेतली. विशाखापट्टणच्या जहाज बांधण्याच्या कारखान्याची कोनशिला 1941 च्या जूनमध्यें बाबू राजेंद्रप्रसाद ह्यांच्या हस्तें बसली. तेथलें 'जल-उषा' हें जहाज 1948 सालीं पंडित नेहरूंनीं पाण्यांत सोडलें. हे दोन्ही उद्योग स्वतंत्र लेखाचे विषय आहेत.

मोटारीचा नाद शेठजींनीं सोडला नव्हता. 1944 सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी निघाली, मुंबईस कुर्ला येथें कारखाना उभा राहिला आणि 1947 सालीं तेथून गाड्या बाहेर पडूं लागल्या. आरंभ त्यांसही जुळणीनेंच करावा लागला. मात्र एकेक भाग येथेंच घडवीत जावयाचें हा संकल्प होता. दुसऱ्याच वर्षीं, म्हणजे 1 जून 1948 रोजीं, पुण्याहून अहमदनगरास (आजचें अहिल्यानगर) पहिली एस. टी. धांवली. ती बेडफर्ड होती, विलायती. त्या काळच्या ताफ्यांतील नांवें वाचलीं, बेडफर्ड, फोर्ड, शेव्हरलेट, अल्बियन, तर त्यांत आपल्या मातीचें एकही सांपडत नाहीं.

ह्याच पुणें-अहमदनगर रस्त्यावर 1 जून 2022 रोजीं एस. टी.ची 'शिवाई' ही विजेवरची बस सुरू झाली. आणि येथें आम्ही आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नापाशीं येऊन पोहोंचतों. बाळा, गाडीचा सांगाडा आपल्याकडे बांधला जातो. हें काम आपणांस नवें नाहीं, एस. टी.च्या दापोडीच्या कार्यशाळेंत चॅसीवर बस बांधणारे कुशल हात पिढ्यान् पिढ्या आहेत. टाटा, अशोक लेलँडची स्विच, हैदराबादची ऑलेक्ट्रा अशा कंपन्या विजेच्या बसगाड्या काढतात. त्यांपैकीं ऑलेक्ट्रानें चीनच्या बीवायडी कंपनीच्या तंत्राचें साहाय्य घेतलेलें आहे. परंतु विजेच्या बसचें हृदय म्हणजे तिची बॅटरी, आणि बॅटरींतील लिथियमचे सेल आजही बव्हंशीं परदेशांतून, मुख्यत्वें चीनमधून येतात. 1940 सालीं इंजिन पेटींतून येत असे, आज सेल पेटींतून येतो. एप्रिल 2025 मध्यें चीननें मोटारींच्या लोहचुंबकास लागणाऱ्या दुर्मिळ धातूंच्या निर्यातीवर निर्बंध घातले तेव्हां आपले कारखानदार कसे गांगरले, हें वर्तमानपत्र वाचणाऱ्यांस स्मरत असेल.

फरक एवढा कीं आजचें सरकार आपलें आहे आणि शेठजींनीं मागितलेल्या गोष्टींपैकीं बऱ्याच तें देऊं पाहतें. 2021 सालीं सेलच्या कारखान्यांसाठीं 18,100 कोटी रुपयांची प्रोत्साहन-योजना झाली. 2024 च्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेंत 10,900 कोटींची तरतूद असून त्यांत 14,028 बसगाड्यांस साहाय्य द्यावयाचें आहे. सरकारच्या पैशांतून गाडी घेतली जात असेल तर तिचे ठराविक भाग देशांतच घडलेले असावेत, ही अट आम्हांस योग्य वाटते. कांहीं पालक म्हणतील कीं अशानें गाडी महाग पडेल, आणि महाग गाडीचा भार शेवटीं तिकिटावर येईल. शंका रास्त आहे. संरक्षणाची दुसरी बाजूही प्रीमियरच्याच इतिहासांत दिसते. फियाटच्या सहकार्यानें निघालेली आणि पुढें पद्मिनी म्हणून प्रसिद्ध झालेली मोटार दशकानुदशकें फारशी न बदलतां विकली गेली. गिऱ्हाईक वर्षानुवर्षें रांगेंत उभें राही. स्पर्धा आली तेव्हां कंपनीस तोंड देतां आलें नाहीं, आणि मुंबईच्या रस्त्यांवरील शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्यें निघून गेली. म्हणून आसरा द्यावा, पण मुदत ठरवून द्यावा, आणि दरवर्षीं कोणता भाग येथें घडूं लागला ह्याचा हिशेब मागावा, असें आमचें मत आहे. धुराविषयींही एक गोष्ट मुलांनीं विसरूं नये. महाराष्ट्राची वीज अजून बहुतांशीं कोळशाची आहे. शाळेच्या वळणावरचा धूर नाहींसा झाला तरी चंद्रपूर-कोराडीच्या धुराड्यांतून कांहीं निघेलच.

आमच्या रेडीचें तांबडें लोहखनिज वर्षानुवर्षें बंदरांतून परदेशीं गेलें. त्या मातीनें रस्ते, झाडें, मुलांचे गणवेषसुद्धां लाल झाले. आपण माती विकली आणि त्या मातीचीं यंत्रें विकत घेतलीं, ह्याची खंत शेठजींस जेवढी असती तेवढी आम्हांस वाटते कीं नाहीं, कोण जाणे.

1949 सालीं शेठजींस पक्षाघाताचा झटका आला आणि लवकरच त्यांनीं कारभारांतून अंग काढून घेतलें. पत्नी कस्तुरबाई अखेरपर्यंत शुश्रूषेस होत्या. 8 एप्रिल 1953 रोजीं गुजरातेंतील सिद्धपूर येथें त्यांचें देहावसान झालें. त्याच वर्षीं स्वतंत्र भारताच्या सरकारनें धोरण ठरविलें कीं, भाग येथेंच बनविण्याची क्रमवार योजना ज्यांच्यापाशीं नाहीं त्यांनीं ह्या देशांत मोटारी जुळवूं नयेत. पुढें थोड्याच काळांत फोर्ड व जनरल मोटर्स ह्यांनीं आपले येथील कारखाने बंद केले. कुर्ल्याचा कारखाना चालू राहिला. तो पाहावयास शेठजी नव्हते.