कवट्या मोजणाऱ्या इरावतीबाई

(लेखिका : इयत्ता सातवीतील एक मुलगी)



या वेळच्या भित्तिपत्रकाचा विषय 'आपले शरीर' हा आहे. माझ्या वाट्याला हाडे आली. आधी मी जरा हिरमुसले, कारण हृदय आणि डोळा हे चांगले चांगले भाग दुसऱ्यांनी आधीच पटकावले होते. पण बाईंनी सांगितलं की नुसती हाडांची नावे लिहू नकोस, हाडांवर काम करून मोठ्या झालेल्या एका बाईंचं चरित्र लिही. त्या बाई म्हणजे इरावती कर्वे.

आधी थोडे हाडांविषयी. मोठ्या माणसाच्या शरीरात २०६ हाडे असतात. तान्ह्या बाळाला मात्र त्याहून बरीच जास्त असतात आणि वाढता वाढता ती एकमेकांना जुळतात. माझ्या धाकट्या भावाच्या टाळूवर आजी रोज तेल घालते. तिथे हात ठेवला की मऊ लागतं आणि धकधक कळते, कारण तिथली हाडे अजून जुळलेली नाहीत. दीड-दोन वर्षांत टाळू भरते. कवटीत एकूण २२ हाडे आहेत. ती करवतीच्या दात्यांसारखी एकमेकांत बसलेली असतात आणि त्यांतला खालचा जबडाच काय तो हलतो. कोपराचा सांधा दाराच्या बिजागरीसारखा एकाच बाजूला वाकतो. खांद्याचा सांधा उखळीचा, म्हणून जाळे फेकताना हात गर्रकन फिरतो. किनाऱ्यावर नवी होडी बांधायला घेतली की फळ्या ठोकायच्या आधी ती कशी दिसते ते आठवा. खाली लांब लाकूड म्हणजे कणा आणि दोन्ही बाजूंची वाकडी लाकडे म्हणजे बरगड्या. आपल्याला २४ बरगड्या आहेत, होडीला किती ते मी बाबांना अजून विचारलं नाही.

आता चरित्र. इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशात म्यिंज्यान या गावी झाला. त्यांचे वडील गणेश हरी करमरकर तिकडे इंजिनिअर होते. तिथल्या मोठ्या नदीचं नाव इरावती, तेच मुलीला ठेवलं. सात वर्षांची असताना तिला शिकायला पुण्याला हुजूरपागेत पाठवलं. मी तर बोईसरला मावशीकडे दोन दिवस राहिले तरी मला रडू येतं! पुण्यात पुढे ती रँग्लर परांजपे यांच्या घरी त्यांच्या मुलीबरोबर वाढली. फर्ग्युसन कॉलेजातून ती १९२६ साली बी. ए. झाली आणि मग मुंबईला डॉ. घुर्ये यांच्या हाताखाली १९२८ साली एम. ए. झाली.

त्यांचं लग्न दिनकर कर्वे यांच्याशी झालं. ते रसायनशास्त्र शिकवत. महर्षी धोंडो केशव कर्वे हे त्यांचे वडील. दिनकररावांना वाटत होते की बायकोने जर्मनीला जाऊन आणखी शिकावं. पण ज्यांनी १९१६ साली बायकांसाठी विद्यापीठ काढलं, त्या महर्षींनाच ही गोष्ट पसंत नव्हती. हे वाचून मला फार नवल वाटलं. शेवटी डॉ. जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज घेतले आणि नोव्हेंबर १९२८ मध्ये इरावतीबाई बर्लिनला गेल्या.

तिथे मानवशास्त्राची एक मोठी संस्था होती आणि तिचे प्रमुख होते ऑयगेन फिशर. त्यांनी इरावतीबाईंना काम दिलं ते कवट्या मोजण्याचं. फिशर यांचा असा समज होता की गोरे युरोपी लोक जास्त तर्काने विचार करतात, म्हणून त्यांच्या कवटीची पुढची उजवी बाजू डावीपेक्षा मोठी भरणार आणि दुसऱ्या लोकांची तशी भरणार नाही. म्हणजे उत्तर आधीच ठरलेलं होतं, इरावतीबाईंनी फक्त गणित करून दाखवायचं होतं.

त्यांनी १४९ कवट्या मोजल्या. काही युरोपी माणसांच्या होत्या, काही आफ्रिकेतून आणलेल्या. आफ्रिकेतल्या त्या माणसांची हाडे इतक्या लांब कोणी आणि कोणाला विचारून आणली असतील, असा प्रश्न मी बाईंना विचारला. बाई म्हणाल्या की कोणाला विचारलं नसावं, तेव्हा तिथल्या काही मुलखावर जर्मनांचं राज्य होतं. प्रत्येक कवटी हातात घ्यायची, मधली रेघ धरायची, डावीकडचं माप घ्यायचं, उजवीकडचं घ्यायचं आणि वहीत मांडायचं.

मापे मांडून झाल्यावर दिसलं असं, की कवट्या कमीजास्त वाकड्या होत्या. डावी-उजवी अगदी सारखी कोणाचीच नसते. पण गोऱ्यांचा वाकडेपणा एक प्रकारचा आणि काळ्यांचा दुसऱ्या प्रकारचा, असं काही निघालंच नाही. इरावतीबाईंनी तसंच लिहिलं. परका देश, अंगावर कर्ज, पदवी त्याच गुरूंच्या हातात, तरी तसंच लिहिलं. मी असते तर सरांना हवं ते उत्तर लिहून मोकळी झाले असते. घटक चाचणीत आपण तेच तर करतो. फिशर यांनी गुण हात राखून दिले, पण इरावतीबाईंना डॉक्टरेट मिळाली. पुढे १९३३ साली हिटलर सत्तेवर आला. अमुक वंश वरचा आणि तमुक खालचा अशा शास्त्राच्या नावाखाली तिथे लाखो माणसे मारली गेली.

हे वाचल्यावर बाईंनी वर्गात आम्हा सगळ्यांची डोकी मोजायला लावली. सुतळी घ्यायची, भुवयांच्या मध्ये धरून डोक्याभोवती फिरवायची. मागे कवटीला एक उंचवटा हाताला लागतो, तुम्हीही चाचपून पाहा. तिथे शाईने खूण करायची. मग डावा तुकडा आणि उजवा तुकडा एकमेकांना लावून बघायचा. वेण्यांमुळे मुलींचे माप नीट येईना, तेव्हा वेण्या सोडून पुन्हा मोजले. जवळजवळ सगळ्यांच्या दोन बाजूंत दोन-तीन मिलिमीटरचा फरक निघाला. माझी डावी बाजू जास्त आहे.

आता पुढची गोष्ट लिहावी की नाही, याचा मी चार दिवस विचार केला. आमच्या वर्गात पाड्यावरून एक मुलगी येते. दिवाळीच्या आधी मी तिला सगळ्यांसमोर म्हटलं होतं की तुझं डोकं बारीक आहे, त्यात गणित शिरणार कसं. सगळे हसले होते. ती काही बोलली नाही, पण नंतर तीन दिवस शाळेत आली नाही. सुतळ्या मोजल्या तेव्हा तिची सुतळी माझ्यापेक्षा अर्धा बोट लांब भरली. मला तोंड वर करवेना. बाईंनी मात्र लगेच सांगितलं की डोकं मोठं म्हणजे अक्कल मोठी असंही काही नसतं, तेव्हा उलटं चिडवायला लागू नका.

इरावतीबाई पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९३९ पासून शिकवत होत्या. १९४४ साली त्या आणि सांकलिया यांनी गुजरातेत लांघणज येथे उत्खनन केलं. तिथे हजारो वर्षांपूर्वीच्या शिकारी माणसांचे सांगाडे निघाले. थंडीत आपण झोपतो तसे गुडघे पोटाशी घेऊन पुरलेले. दातांवरून आणि हाडांच्या टोकांवरून वय कळतं, कंबरेच्या हाडावरून बाई की पुरुष ते बरेचसे कळते. हाडे म्हणजे एक प्रकारची वहीच झाली. महाराष्ट्रात गावोगाव फिरून त्यांनी जिवंत माणसांचीही मापे घेतली. पुण्यात बायका सायकलवर जाऊ लागल्या होत्या, तेव्हा त्या स्कूटर चालवत. महाभारतावरच्या त्यांच्या 'युगान्त' पुस्तकाला १९६८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ते पुस्तक मी अजून वाचलेलं नाही, बाई म्हणतात आठवीत वाच. ११ ऑगस्ट १९७० रोजी पुण्यात त्या वारल्या.

या लेखाच्या उजव्या बाजूला खिळ्यांवर तेवीस सुतळ्या टांगल्या आहेत. त्या आमच्या वर्गाच्या डोक्यांच्या. नावे मुद्दाम लिहिलेली नाहीत. पालकांनी कोळीवाड्यातली कोणती, वाडीतली कोणती आणि पाड्यावरची कोणती ते ओळखून दाखवावं. तिसऱ्या खिळ्यावरची माझी आहे. तिच्या शेजारी त्या मुलीची सुतळी मीच टांगली आहे. तिला मी अजून तोंडाने काही सांगितलेले नाही. मधल्या सुट्टीत ती इथे वाचायला येते.