विश्लेषण : टॉयलेट पेपर लंडनमध्ये फ्लश करायचा, ग्रीसमध्ये मात्र डब्यात टाकायचा, असे का? उत्तर देणाऱ्या इंजिनीअरची गोष्ट

शिक्षणासाठी लंडनला पोहोचलेल्या मराठी विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी एक प्रश्न पडतो आणि तो कुणाला विचारायची लाज वाटते. वापरलेला टॉयलेट पेपर टाकायचा कुठे? तिथे उत्तर सोपे आहे. कमोडमध्ये टाकायचा आणि फ्लश करायचे. पण हाच विद्यार्थी सुट्टीत ग्रीसला गेला, की बाथरूमच्या भिंतीवर नेमकी उलटी सूचना दिसते : कागद शेजारच्या डब्यात टाका. तिथले ड्रेनेजचे पाइप अरुंद असतात आणि कागदाने तुंबतात. लॅटिन अमेरिकेतील अनेक देशांत हीच पद्धत आहे. दक्षिण कोरियात सार्वजनिक शौचालयांतले असे डबे देशभर काढायला सुरुवात झाली ती २०१८ मध्ये. म्हणजे हा संस्कारांचा प्रश्न नाही, रस्त्याखाली काय आहे याचा आहे. लंडनच्या रस्त्यांखाली जे आहे, त्यातले बरेचसे सर जोसेफ बॅझलजेट यांचे काम आहे.

कोण होते बॅझलजेट?

२८ मार्च १८१९ रोजी लंडनजवळच्या एनफिल्डमध्ये त्यांचा जन्म झाला. वडील नौदलात अधिकारी, घराणे मूळचे फ्रेंच. तरुणपणी आयर्लंडमध्ये जमिनीतल्या पाण्याचा निचरा करण्याच्या कामावर ते शिकले. १८४२ मध्ये त्यांनी लंडनमध्ये स्वतःचा व्यवसाय सुरू केला. तो काळ रेल्वेच्या वेडाचा होता. जो तो नवा लोहमार्ग आखत होता आणि इंजिनीअर रात्रंदिवस नकाशे काढत होते. या ताणाने १८४७ मध्ये बॅझलजेट कोलमडले आणि काम सोडून त्यांना दीर्घ विश्रांती घ्यावी लागली. आज याला आपण ‘बर्नआऊट’ म्हटले असते. सावरल्यावर १८४९ मध्ये ते लंडनच्या गटार आयोगात सहायक म्हणून रुजू झाले. तिथले मुख्य अभियंता फ्रँक फॉर्स्टर यांचा १८५२ मध्ये मृत्यू झाला, त्यालाही कामाचा ताण कारणीभूत मानला गेला. त्यांची जागा बॅझलजेट यांना मिळाली.

फ्लशमुळेच ओढवलेले संकट

लंडनमध्ये घरांखाली मैल्याचे सुमारे दोन लाख खड्डे होते. रात्री माणसे येऊन ते उपसत आणि मैला शेतांवर नेत. गटारे फक्त पावसाच्या पाण्यासाठी होती. १८१५ पर्यंत त्यांत मैला सोडायला मनाईच होती. मग फ्लशचे संडास आले. १८५१ च्या भव्य प्रदर्शनात तर आठ लाखांहून अधिक लोकांनी एकेक पेनी देऊन ते वापरून पाहिले. प्रत्येक फ्लशबरोबर इतके पाणी जाई की खड्डे भराभर भरू लागले. घरे गटारांना जोडली गेली आणि ती गटारे थेट थेम्स नदीत उघडत. पिण्याचे पाणी अनेकांना त्याच नदीतून मिळे. १८४८-४९ च्या कॉलऱ्यात लंडनमध्ये १४ हजारांहून अधिक आणि १८५३-५४ मध्ये दहा हजारांहून अधिक माणसे दगावली.

बॅझलजेट १८५६ मध्ये नव्या महानगर मंडळाचे मुख्य अभियंता झाले. योजना तयार होती, पण पैसे आणि मंजुरी यांवर घोळ सुरू होता. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्सला अशी दुर्गंधी सुटली की नदीकाठच्या संसदेत ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात भिजवलेले पडदे लावावे लागले. खासदारांच्याच नाकाशी गाठ पडल्यावर विधेयक अवघ्या १८ दिवसांत मंजूर झाले.

जमिनीखाली काय बांधले?

कल्पना सरळ होती. नदीकडे जाणाऱ्या गटारांना नदीला समांतर मोठ्या वाहिन्यांनी वाटेतच अडवायचे आणि सगळा मैला शहराच्या पूर्वेला दूर न्यायचा. या मुख्य वाहिन्या १३२ किलोमीटरच्या, त्यांना जोडलेली रस्त्यांखालची गटारे सुमारे १,८०० किलोमीटरची, विटा ३१ कोटींहून अधिक. मैलभर अंतराला जेमतेम दोन फूट उतार. अनेक गटारांचा आडवा छेद अंड्यासारखा, निमुळते टोक खाली. हायड्रॉलिक्सचा पेपर दिलेल्यांना यातली गंमत लगेच कळेल. पाणी कमी असले तरी अरुंद तळातून ते वेगाने वाहते आणि घाण साचत नाही. सुटणारा, विरघळणारा कागद वाहून नेण्यासाठी हेच लागते. गंमत म्हणजे, काम सुरू झाले तेव्हा टॉयलेट पेपर जेमतेम बाजारात आला होता. अमेरिकेत जोसेफ गेयेटी यांनी तो १८५७ मध्ये विकायला काढला. सिमेंटच्या बाबतीत बॅझलजेट कमालीचे कडक होते. तेव्हा नवखे असलेले पोर्टलँड सिमेंट त्यांनी वापरले, पण चाचणी घेतल्याशिवाय नाही.

१८६५ मध्ये क्रॉसनेसचे पंपिंग स्टेशन सुरू झाले. पुढच्याच वर्षी कॉलरा परतला आणि साडेपाच हजारांवर माणसे गेली, मुख्यतः पूर्व लंडनमध्ये, जिथे नव्या व्यवस्थेचे काम पूर्ण व्हायचे होते. हीच त्यांच्या योजनेची कठोर परीक्षा ठरली. तिथले ॲबी मिल्स स्टेशन १८६८ मध्ये सुरू झाले आणि त्यानंतर लंडनमध्ये कॉलऱ्याची मोठी साथ आली नाही. कॉलरा दुर्गंधीने होतो, असे त्या काळी बहुतेकांना वाटे. वास घालवण्यासाठी केलेल्या कामाने पाणी वाचवले.

चूक कुठे झाली?

मैला शहरापासून दूर गेला, पण शुद्ध झाला नाही. ओहोटीच्या वेळी तो तसाच थेम्समध्ये सोडला जाई. सप्टेंबर १८७८ मध्ये ‘प्रिन्सेस ॲलिस’ ही प्रवासी बोट याच टापूत धडकेने बुडाली आणि सहाशेहून अधिक जण मरण पावले. नुकताच सोडलेला मैला पाण्यात होता. त्यानंतर प्रक्रिया करण्याची मागणी वाढली आणि १८८७ पासून गाळ जहाजांनी समुद्रात नेला जाऊ लागला. पहिल्या जहाजाचे नाव होते ‘बॅझलजेट’! समुद्रात गाळ टाकणे थांबले ते थेट १९९८ मध्ये. बॅझलजेट १८८९ मध्ये निवृत्त झाले आणि १५ मार्च १८९१ रोजी विम्बल्डनमध्ये त्यांचे निधन झाले.

मग आज काय टाकायचे, काय नाही?

लंडनमध्ये टॉयलेट पेपर बिनधास्त फ्लश करा, वेट वाइप्स मात्र नाही. वाइप्स विरघळत नाहीत आणि स्वयंपाकघरातून गेलेल्या तेलातुपाला धरून दगडासारख्या गोळ्या होतात. २०१७ मध्ये व्हाइटचॅपलच्या जुन्या गटारात असा २५० मीटर लांब, १३० टनांचा गोळा सापडला आणि तो फोडायला काही आठवडे लागले. जोराच्या पावसात भरून वाहणाऱ्या जुन्या वाहिन्यांसाठी आता २५ किलोमीटरचा नवा बोगदा २०२५ मध्ये पूर्णपणे जोडला गेला आहे. बॅझलजेट यांची गटारे बंद झालेली नाहीत. एम्बँकमेंट स्टेशनातून बाहेर पडून नदीकाठाने चालाल, तर त्यांचा अर्धपुतळा दिसेल. तिथल्या पदपथाखालूनही त्यांची एक वाहिनी जाते.